कमी विजेवर चालणारे छोटे मदरबोर्ड आणि मुक्तस्रोत ऑपरेटिंग सिस्टिम : सुसंगतता कशी तपासावी

‘हा बोर्ड लिनक्सवर चालेल ना?’ या प्रश्नाला दुकानदार, ऑनलाइन विक्रेता आणि उत्पादकाचे माहितीपत्रक हे तिघेही बहुधा होकार देतात, आणि तो होकार खोटा असतो असेही नाही. बोर्ड सुरू होतो, पडद्यावर चित्र उमटते, इन्स्टॉलर शेवटपर्यंत जातो. परंतु घरातील राउटर, शाळेतील फाइल सर्व्हर किंवा कॅमेऱ्यांचे चित्रण साठवणारे यंत्र अशा कामांसाठी वर्षानुवर्षे चोवीस तास चालवायच्या बोर्डच्या बाबतीत एवढे उत्तर पुरत नाही. ऑपरेटिंग सिस्टिमला मदरबोर्डच्या नावाशी फारसे कर्तव्य नसते; तिचा संबंध बोर्डवरील एकेका चिपशी, त्या चिपच्या नेमक्या आवृत्तीशी आणि तिच्यात भरलेल्या फर्मवेअरशी, म्हणजे चिपच्या आतल्या सॉफ्टवेअरशी, येतो.

हार्डकर्नल या कोरियन कंपनीच्या ओड्रॉइड-एच२ आणि एच२-प्लस या दोन बोर्डांवरून ही गोष्ट नीट कळते. २०१८ च्या अखेरीस आलेल्या एच२ वर रिअलटेकची आरटीएल८१११जी ही एक गिगाबिटची नेटवर्क चिप होती आणि तिचा ड्रायव्हर, म्हणजे ती चिप चालवणारा सॉफ्टवेअरचा भाग, लिनक्समध्ये आधीपासूनच होता. २०२० मधील एच२-प्लसवर तिच्या जागी अडीच गिगाबिटची आरटीएल८१२५बी आली. बोर्डचा आकार तोच, घडण तीच, नावात केवळ एका चिन्हाची भर. परंतु डेबियन १० या लिनक्स वितरणाचा (वापरायला तयार संचाचा) ४.१९ हा कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा मूळ भाग, या चिपला ओळखत नव्हता. उबुंटू २०.०४ या दुसऱ्या वितरणाच्या ५.४ कर्नलमध्ये आरटीएल८१२५ चा ड्रायव्हर नुकताच आला होता, पण नावापुढे ‘बी’ असलेल्या चिपसाठी आणखी पुढच्या कर्नलची वाट पाहावी लागली. ज्यांनी ‘एच२ वर लिनक्स उत्तम चालते’ एवढेच वाचून एच२-प्लस घेतला असेल, त्यांच्या यंत्राला इन्स्टॉलेशनच्या वेळी नेटवर्कच मिळाले नसणार.

या लेखातील पायऱ्या प्रामुख्याने १७ सेंटिमीटर चौरस आकाराच्या मिनी-आयटीएक्स बोर्डांसाठी, तसेच तयार पेटीत मिळणाऱ्या पंखाविरहित छोट्या संगणकांसाठी आहेत. एआरएम बोर्डांची, म्हणजे मोबाइलमधल्यासारखे प्रोसेसर असलेल्या बोर्डांची, चर्चा पुढे स्वतंत्रपणे केली आहे. आज्ञांची आणि ड्रायव्हरांची नावे येथे देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलवर ती अर्थातच रोमन लहान अक्षरांत टंकावी लागतात.

पायरी १ : काम आणि ऑपरेटिंग सिस्टिम आधी ठरवणे

बोर्ड आधी घ्यायचा आणि त्यावर काय चालवायचे ते नंतर पाहायचे, हा क्रम उलटा आहे. राउटरसाठी ओपीएनसेन्स ही तयार प्रणाली वापरायची असेल तर तिच्या खाली फ्रीबीएसडी ही लिनक्सहून वेगळी मुक्तस्रोत ऑपरेटिंग सिस्टिम असते, म्हणजे लिनक्समधील ड्रायव्हरांची यादी तेथे उपयोगाची नसते. फाइल सर्व्हरसाठीचे ओपनमीडियाव्हॉल्ट डेबियनवर बेतलेले आहे. त्याच कामाच्या ट्रूनॅसच्या बाबतीत तर ‘कोअर’ ही जुनी शाखा फ्रीबीएसडीवर आणि ‘स्केल’ (२०२५ पासून ‘कम्युनिटी एडिशन’) ही शाखा लिनक्सवर उभी आहे, त्यामुळे नुसते ‘ट्रूनॅसवर चालते’ हे वाक्य अर्धवटच ठरते. छोट्या बोर्डांवरील नव्या चिपांना लिनक्समध्ये सर्वांत लवकर आधार मिळतो, फ्रीबीएसडीमध्ये तो काहीसा उशिरा येतो, आणि फ्रीबीएसडीच्याच कुळातील ओपनबीएसडीमध्ये निवडक चिपांनाच मिळतो. मात्र तेथे जे चालते ते बहुधा फारशी खटपट न करता चालते, असे माझे मत आहे.

वितरणाचे नाव लिहिताना त्याच्या शेजारी कर्नलचा क्रमांकही लिहून ठेवावा. डेबियन १२ मध्ये ६.१ आणि २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये ६.१२ हा कर्नल आहे. पुढील सर्व पायऱ्यांत हाच क्रमांक ताडून पाहायचा आहे.

विजेचा हिशेबही याच वेळी मांडावा. सतत १० वॉट घेणारे यंत्र वर्षाला ८७.६ युनिट वीज खाते, तर ४० वॉट घेणारा जुना डेस्कटॉप सुमारे ३५० युनिट खातो. या फरकासाठीच आपण छोट्या बोर्डकडे वळतो, त्यामुळे ‘सुसंगत’ या शब्दात वीज वाचवणाऱ्या अवस्थाही नीट चालणे हे गृहीत धरले पाहिजे. सर्व पोर्ट चालतात पण प्रोसेसर कधी झोपतच नाही, असा बोर्ड आपल्या कामाचा नाही.

पायरी २ : बोर्डवरील चिपांची यादी करणे

उत्पादकाच्या संकेतस्थळावर ‘टू पॉइंट फाइव्ह गिगाबिट लॅन’ एवढेच लिहिलेले असते आणि चिपचे नाव गाळलेले असते. ते नाव बोर्डच्या मॅन्युअलमधील ब्लॉक आकृतीत मिळते. तेथेही नसेल तर विंडोजसाठी दिलेल्या ड्रायव्हरांच्या पानावरील फाइलींच्या नावांवरून अंदाज येतो. आणि तेही जमले नाही तर बोर्डचे मोठे छायाचित्र वाढवून लॅनच्या सॉकेटामागील चौकोनी चिपवरील अक्षरे वाचावीत. यादीत किमान प्रोसेसर, प्रत्येक नेटवर्क पोर्टची चिप, साटा (डिस्क जोडण्याचे) पोर्ट प्रोसेसरमधून येतात की वेगळ्या चिपमधून, वाय-फाय कार्ड आणि पंखे व तापमान सांभाळणारी चिप यांच्या नोंदी असाव्यात.

नावापेक्षा भरवशाची खूण म्हणजे पीसीआय, अर्थात चिपांना प्रोसेसरशी जोडणाऱ्या मार्गावरील, ओळख क्रमांक. प्रत्येक चिपला कंपनीचा आणि उपकरणाचा असे दोन चार-अंकी षोडशमान (० ते ९ आणि ए ते एफ वापरून लिहिलेले) क्रमांक असतात. इंटेलचा कंपनी क्रमांक ८०८६, रिअलटेकचा १०ईसी, एएसमीडियाचा १बी२१ आणि जेमायक्रॉनचा १९७बी आहे. १०ईसी:८१२५ म्हणजे रिअलटेकची अडीच गिगाबिटची चिप आणि ८०८६:१२५सी म्हणजे इंटेलची आय२२६-व्ही. हे क्रमांक हाती असले की लिनक्स-हार्डवेअर डॉट ऑर्ग आणि बीएसडी-हार्डवेअर डॉट इन्फो या दोन संकेतस्थळांवर तोच क्रमांक शोधून, इतरांच्या यंत्रांत ती चिप कोणत्या कर्नलवर, कोणत्या ड्रायव्हरने चालली हे पाहता येते. तेथील नोंदी खऱ्या यंत्रांवरून आपोआप गोळा झालेल्या असल्याने विक्रेत्याच्या शब्दापेक्षा त्यांना अधिक वजन द्यावे.

पायरी ३ : नेटवर्क चिपची निवड

एखाद्या बोर्डवरील बाकी सर्व गोष्टी मनासारख्या असल्या तरी नेटवर्क चिप चुकीची असेल तर तो बोर्ड सोडून द्यावा. डिस्कसाठी वेगळे कार्ड लावता येते, वाय-फाय कार्ड बदलता येते, ग्राफिक्सविना काम भागते. परंतु बोर्डवर डाखलेली नेटवर्क चिप बदलता येत नाही, आणि छोट्या बोर्डवर तिच्याऐवजी कार्ड लावायला मोकळा स्लॉट अनेकदा नसतोच.

रिअलटेकची एक गिगाबिटची आरटीएल८१११ मालिका लिनक्समध्ये आर८१६९ या ड्रायव्हरने आणि फ्रीबीएसडी व ओपनबीएसडीमध्ये आरई या ड्रायव्हरने चालते. अडीच गिगाबिटची आरटीएल८१२५ लिनक्समध्ये ५.४ पासून त्याच आर८१६९ मध्ये आली, तर ओपनबीएसडीमध्ये तिच्यासाठी आरजीई हा वेगळा ड्रायव्हर आहे. फ्रीबीएसडी १४ मध्ये मात्र ही चिप मूळ कर्नलकडून चालत नाही. रिअलटेकच्याच ड्रायव्हरवरून तयार केलेले रिअलटेक-आरई-केमॉड हे पॅकेज बसवावे लागते. अडचण अशी की पॅकेज उतरवायला नेटवर्क हवे आणि नेटवर्कसाठी पॅकेज हवे. अशा वेळी ते दुसऱ्या यंत्रावर उतरवून पेनड्राइव्हने आणावे, किंवा एएक्स८८१७९ चिपचा यूएसबी-लॅन अडॅप्टर तेवढ्यापुरता लावावा.

रिअलटेकच्या नव्या चिपांना छोटी फर्मवेअर फाइलही लागते. डेबियनमध्ये ती फर्मवेअर-रिअलटेक या पॅकेजात असते. जून २०२३ मध्ये डेबियन १२ प्रसिद्ध झाल्यापासून अधिकृत इन्स्टॉलरमध्येच अशी अ-मुक्त फर्मवेअर समाविष्ट असते, त्यामुळे पूर्वीचा वेगळा इन्स्टॉलर शोधण्याचा खटाटोप संपला. ज्यांना तत्त्व म्हणून अ-मुक्त फर्मवेअर नको आहे, त्यांनी चिपा निवडतानाच ही अट लावावी. नंतर ती पाळणे कठीण जाते.

इंटेलकडे आले की लोक निश्चिंत होतात, पण तेथेही बारकावे आहेत. एक गिगाबिटच्या आय२१० आणि आय२११ या चिपा तिन्ही ऑपरेटिंग सिस्टिमवर उत्तम चालतात. राउटरच्या वर्तुळात त्यांना आजही जो मान आहे तो योग्यच आहे. अडीच गिगाबिटच्या आय२२५-व्ही च्या सुरुवातीच्या स्टेपिंगमध्ये, म्हणजे चिपच्या घडणीच्या पहिल्या आवृत्त्यांत, मात्र लागोपाठच्या पॅकेटांमधील अंतर राखण्यात हार्डवेअरचाच दोष होता. त्यामुळे काही स्विचांबरोबर तिचा वेग कोसळत असे किंवा जोडणी तुटत असे. बी३ या स्टेपिंगमध्ये तो दुरुस्त झाला. चिपांची यादी दाखवणाऱ्या एलएसपीसीआय या आज्ञेच्या ओळीत शेवटी ‘रेव्ह ०३’ असेल तर ती बी३ समजावी. ०१ किंवा ०२ असेल तर शक्यतो बोर्ड परत करावा. तिच्यानंतरची आय२२६-व्ही सध्या बहुतेक चार पोर्टच्या छोट्या राउटर पेट्यांत आढळते. या दोन्ही चिपांचा लिनक्समधील ड्रायव्हर आयजीसी हा आहे आणि डेबियन १२ चा ६.१ कर्नल दोन्हींना ओळखतो. आय२२६ ची जोडणी अधूनमधून तुटते अशा तक्रारी आहेत. त्यांपैकी बऱ्याच तक्रारी पीसीआय एक्स्प्रेसच्या एएसपीएम या वीज वाचवणाऱ्या सोयीशी निगडित असतात, म्हणून तसा अनुभव आल्यास आधी बायोसमध्ये (बोर्डच्या मूळ फर्मवेअरच्या सेटिंगमध्ये) त्या पोर्टपुरते एएसपीएम बंद करून पाहावे आणि मगच केबल, स्विच व ड्रायव्हर यांच्या मागे लागावे.

उत्पादकाच्या संकेतस्थळावरून उतरवून संकलित (कंपाइल) करायचा ड्रायव्हर हा शेवटचा उपाय समजावा. कर्नल बदलला की तो पुन्हा संकलित व्हावा लागतो, आणि तसे झाले नाही तर दुसऱ्या गावी ठेवलेले यंत्र अद्ययावतीकरणानंतर नेटवर्कवरून नाहीसे होते.

पायरी ४ : प्रोसेसरच्या पिढीचा इतिहास पाहणे

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा ऑनलाइन वापरलेल्या बोर्डांच्या बाजारात सेलेरॉन आणि अ‍ॅटम प्रोसेसरचे बोर्ड स्वस्त मिळतात. त्यांतील काही पिढ्यांचे दोष ठाऊक असल्याशिवाय खरेदी करू नये.

२०११-१२ मधील सीडर ट्रेल पिढीच्या अ‍ॅटममध्ये, म्हणजे डी२५०० आणि डी२७०० मध्ये, ग्राफिक्सचा भाग इंटेलचा स्वतःचा नसून पॉवरव्हीआरकडून घेतलेला होता. लिनक्सचा जीएमए५०० हा ड्रायव्हर त्यावर पडदा उजळतो, परंतु चित्र वेगाने रेखाटण्यासाठी लागणारी हार्डवेअरची मदत मिळत नाही. विना-पडदा सर्व्हरसाठी हे चालेल; पडद्यापुढे बसून वापरायचे असल्यास हा बोर्ड फुकटही घेऊ नये.

जे१९०० हा बे ट्रेल पिढीचा १० वॉटचा प्रोसेसर एकेकाळी घरगुती सर्व्हरांचा लाडका होता. लिनक्समध्ये तो वर्षानुवर्षे अचानक गोठत असे. कर्नलच्या बगझिला या दोषनोंदवहीत १०९०५१ या क्रमांकाखाली या दोषाची प्रदीर्घ चर्चा झालेली आहे. प्रोसेसर खोल झोपेच्या अवस्थांत ये-जा करताना यंत्र थांबे, त्यामुळे भार असताना सर्व ठीक आणि रात्री रिकामे असताना बंद, असा उफराटा प्रकार होई. कर्नलला ‘इंटेल_आयडल.मॅक्स_सीस्टेट=१’ हा पर्याय दिला की गोठणे थांबते, पण वीज जास्त लागते. पुढच्या कर्नलांत परिस्थिती सुधारली; तरीही जुना कर्नल वापरणाऱ्या तयार प्रतिमांवर हा दोष अजून भेटू शकतो.

काही दोष सॉफ्टवेअरच्या आवाक्याबाहेरचे असतात. अ‍ॅटम सी२००० मालिकेत घड्याळाचा संकेत देणारा भाग कालांतराने झिजतो आणि बोर्ड कायमचा बंद पडतो, हे २०१७ मध्ये उघड झाले. सी० स्टेपिंगमध्ये इंटेलने ते दुरुस्त केले. अपोलो लेक पिढीत, म्हणजे जे३३५५, जे३४५५ यांसारख्या प्रोसेसरांत, एलपीसी बस आणि घड्याळ यांची अशीच झीज आढळल्यावर २०१९ मध्ये एफ१ हे नवे स्टेपिंग आले. दिवसरात्र चाललेला असा वापरलेला बोर्ड कितीही स्वस्त मिळाला तरी तो घेण्यात अर्थ नाही.

उलट जॅस्पर लेकच्या एन५१०५ चा दोष दुरुस्त होण्यासारखा होता. २०२२ मध्ये प्रॉक्समॉक्स या सिस्टिमवर चालणारी आभासी यंत्रे (एका संगणकाच्या आत चालणारे वेगळे संगणक) या प्रोसेसरवर कारणाशिवाय कोसळत असत, आणि नव्या मायक्रोकोडने, म्हणजे प्रोसेसरच्या आतील सूचनांच्या दुरुस्त आवृत्तीने, ते थांबले. म्हणून इंटेल-मायक्रोकोड हे पॅकेज पहिल्या दिवशीच बसवावे. छोट्या बोर्डांचे उत्पादक बायोसच्या नव्या आवृत्त्या क्वचितच काढतात, त्यामुळे मायक्रोकोड ऑपरेटिंग सिस्टिमकडूनच भरला जाणे येथे अधिक महत्त्वाचे ठरते.

सध्या सर्वाधिक विचारला जाणारा प्रोसेसर म्हणजे जानेवारी २०२३ मधील एन१००. चार गाभे, ६ वॉटचा अधिकृत आकडा, मेमरीची एकच वाहिनी, आणि इंटेलच्या माहितीपत्रकानुसार कमाल १६ जीबी मेमरी. त्याचे ग्राफिक्स डेबियन ११ च्या ५.१० कर्नलला ओळखता येत नाही, ६.१ ला येते. ६ वॉट ही मात्र कमाल मर्यादा नव्हे. अनेक बोर्डांचे बायोस अल्पकालीन आणि दीर्घकालीन मर्यादा त्याच्या दुप्पट-तिप्पट ठेवतात, आणि मग पंखाविरहित पेटी तापते.

पायरी ५ : पीसीआय लेन, डिस्क आणि झोप

एन१०० मध्ये तिसऱ्या पिढीच्या पीसीआय एक्स्प्रेसच्या एकूण नऊ लेन (माहिती वाहणाऱ्या मार्गिका) आहेत, आणि बोर्डवरील प्रत्येक सोय याच नऊ लेनमधून वाटा घेते. चार नेटवर्क पोर्टना चार लेन गेल्या, वाय-फायला एक गेली, की चार उरल्या. त्यांतून जादा साटा पोर्टांसाठी जेएमबी५८५ सारखी चिप दोन लेन घेते आणि एनव्हीएमई या वेगवान प्रकारच्या डिस्कला दोन किंवा एकच उरते. एका लेनवर सेकंदाला सुमारे ९८५ मेगाबाइट जातात, आणि अडीच गिगाबिटच्या जाळ्यावरून फार तर ३१२ मेगाबाइट येतात. म्हणजे फाइल सर्व्हरला एक लेन पुरते आणि त्यावरून बोर्ड नाकारण्याचे कारण नाही.

जेएमबी५८५ (पाच पोर्ट), एएसएम१०६१ (दोन पोर्ट) आणि एएसएम११६६ (सहा पोर्ट) या चिपा एएचसीआय या सर्वमान्य पद्धतीने बोलतात, त्यामुळे लिनक्स व बीएसडी दोन्हींना त्या विशेष ड्रायव्हरविना कळतात. एका साटा पोर्टचे अनेक पोर्ट करणारी मल्टिप्लायर कार्डे मात्र टाळावीत, विशेषतः अनेक डिस्क एकत्र सांभाळणाऱ्या झेडएफएस या फाइल प्रणालीसाठी. एक डिस्क अडली की तिच्यासोबत बाकीच्याही अडकतात.

झोपेचा प्रश्न येथेच येतो. प्रोसेसरचे पॅकेज खोल अवस्थेत जाण्यासाठी पीसीआयवरील प्रत्येक उपकरणाने संमती द्यावी लागते, आणि एकही चिप एएसपीएमला नकार देत असेल तर संपूर्ण प्रोसेसर उथळ अवस्थेत जागत राहतो. पॉवरटॉप हे साधन चालवून पॅकेज अवस्थांचा स्तंभ पाहावा. यंत्र रिकामे असताना सर्व वेळ सी२ किंवा सी३ या उथळ अवस्थांतच जात असेल, तर एकेक उपकरण काढून किंवा बायोसमधून बंद करून पुन्हा पाहावे. गुन्हेगार बहुधा जादा साटा चिप किंवा नेटवर्क चिप निघते. कितीही अंदाज बांधले तरी भिंतीवरील सॉकेट आणि अडॅप्टर यांच्या मध्ये लावलेला वॉटमीटर जे सांगतो तेच खरे.

अडॅप्टरची क्षमता डिस्कांवरून ठरते. साडेतीन इंची डिस्क फिरायला सुरुवात करताना १२ व्होल्टवर सुमारे दीड ते दोन अँपिअर घेते, म्हणजे दोन डिस्कांना त्या क्षणी ४८ वॉटपर्यंत लागू शकतात. ६० वॉटच्या अडॅप्टरवर असे यंत्र कधी सुरू होते आणि कधी होत नाही, आणि दोष विनाकारण ऑपरेटिंग सिस्टिमला दिला जातो.

पायरी ६ : वाय-फाय आणि ग्राफिक्स

छोट्या बोर्डला वायरलेस राउटर करण्याचा बेत असेल तर इंटेलचे कार्ड घेऊ नये. लॅपटॉपसाठी ती उत्तम आहेत, परंतु ५ गिगाहर्ट्झवर अ‍ॅक्सेस पॉइंट म्हणून चालण्यास त्यांचे फर्मवेअर अडवते. मीडियाटेकची एमटी७९१५ सारखी कार्डे लिनक्सच्या एमटी७६ ड्रायव्हरवर हे काम करतात. आणखी एक सापळा म्हणजे एएक्स२०१ आणि एएक्स२११ ही कार्डे: स्लॉटात ती एएक्स२१० सारखीच बसतात, पण त्यांचा निम्मा भाग इंटेलच्या प्रोसेसरमध्ये असल्याने इतर बोर्डवर ती मृतवत राहतात. माझा सल्ला विचाराल तर वेगळा अ‍ॅक्सेस पॉइंट घ्यावा आणि या भानगडीत पडूच नये.

जेलीफिनसारख्या माध्यम सर्व्हरसाठी चित्रफितींचे रूपांतर ग्राफिक्स चिपकडून करून घ्यायचे असेल तर लिनक्समध्ये व्हीएइन्फो ही आज्ञा कोणते स्वरूप चालते ते दाखवते. फ्रीबीएसडीमध्ये त्यासाठी डीआरएम-केमॉड हे पॅकेज लागते, आणि ते लिनक्सच्या कोणत्या कर्नलवरून घेतले आहे यावर नवी चिप ओळखली जाणे अवलंबून असते.

पायरी ७ : एआरएम बोर्ड घेण्यापूर्वी

इंटेल व एएमडीच्या यंत्रांत उपकरणे स्वतःहून आपली ओळख सांगतात. एआरएम बोर्डवर बहुतेक उपकरणे तसे सांगत नाहीत. कोणत्या पत्त्यावर काय आहे हे डिव्हाइस ट्री नावाच्या फाइलीतून कर्नलला आधीच कळवावे लागते. त्यामुळे एकाच रॉकचिप आरके३५८८ या प्रोसेसरवर बेतलेल्या दोन कंपन्यांच्या बोर्डांपैकी एक मूळ डेबियनवर चालतो आणि दुसरा चालत नाही, असे सहज होते.

तपासणी सोपी आहे. लिनक्सच्या मूळ कर्नलमधील एआरएम६४ च्या डिव्हाइस ट्री विभागात आपल्या नेमक्या बोर्डच्या नावाची फाइल आहे का, आणि यू-बूट या बोर्ड सुरू करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये त्याच बोर्डचा आधार आहे का, हे पाहावे. दोन्ही असतील तर बोर्ड दीर्घकाळ चालेल. उत्पादकाच्या संकेतस्थळावरील ५.१० कर्नलची तयार प्रतिमा एवढाच आधार असेल, तर त्या बोर्डचे आयुष्य उत्पादकाच्या उत्साहाएवढेच समजावे. एआरएम बोर्डांसाठीच्या आर्मबियन या वितरणाने ही दरी बऱ्याच बोर्डांसाठी भरून काढली आहे, पण तेथेही प्रत्येक बोर्डसमोर आधाराची पातळी लिहिलेली असते. ती वाचूनच पैसे द्यावेत.

पायरी ८ : बायोस आणि सुरू होण्याची व्यवस्था

डेबियन आणि उबुंटू सिक्युअर बूट (केवळ स्वाक्षरी केलेली सिस्टिम सुरू होऊ देणारी सोय) चालू असताना बसतात. फ्रीबीएसडी आणि ओपनबीएसडीसाठी ते बंद करावे लागते. बे ट्रेलच्या काळातील काही यंत्रांत प्रोसेसर ६४ बिटचा पण यूईएफआय (बायोसचा नवा अवतार) ३२ बिटचे असते, आणि त्यांवर बहुतेक इन्स्टॉलर पेनड्राइव्हवरून सुरूच होत नाहीत. डेबियनने मात्र आठव्या आवृत्तीपासून याची सोय केलेली आहे.

पडद्याचे पोर्टच नसलेले बोर्डही असतात. स्वित्झर्लंडच्या पीसी इंजिन्सचा एपीयू२ हा त्यांतला सर्वांत प्रसिद्ध. एएमडीचा ६ वॉटचा प्रोसेसर, इंटेलच्या नेटवर्क चिपा आणि कोअरबूट हे मुक्तस्रोत फर्मवेअर यांमुळे वापरलेल्या अवस्थेतही तो राउटरसाठी चांगलाच आहे. येथे सर्व संवाद सिरियल पोर्टवरून ११५२०० या वेगाने होतो. ओपनबीएसडीच्या बूट प्रॉम्प्टवर आधी ‘एसटीटीवाय कॉम० ११५२००’ आणि मग ‘सेट टीटीवाय कॉम०’ असे द्यावे लागते; लिनक्सच्या इन्स्टॉलरला ‘कन्सोल=टीटीवायएस०,११५२००’ हा पर्याय द्यावा लागतो, आणि त्यात ‘एस’ तेवढा मोठ्या लिपीतला असतो. हे न केल्यास इन्स्टॉलर सुरू होऊनही टर्मिनल कोरे राहते आणि बोर्ड बिघडल्याचा समज होतो.

जेथे वीज वारंवार जाते, आणि आपल्याकडच्या तालुक्यांच्या गावांत ती जातेच, तेथे वीज परत आल्यावर यंत्र आपोआप सुरू होणे अनिवार्य आहे. बायोसमध्ये ‘रिस्टोअर ऑन एसी पॉवर लॉस’ अशा नावाचा पर्याय शोधून तो ‘ऑन’ करावा, आणि केबल ओढून, मिनिटभर थांबून, पुन्हा लावून खात्री करावी. हा पर्यायच नसलेले बोर्ड मिळतात. तो आहे की नाही हे मॅन्युअलमध्ये खरेदीपूर्वीच पाहावे.

पायरी ९ : बोर्ड हाती आल्यावरची चाचणी

परतीची मुदत संपण्यापूर्वी चाचणी पूर्ण करायची असल्याने डिस्कवर काही बसवण्याआधी थेट पेनड्राइव्हवरून सिस्टिम सुरू करावी. लिनक्समध्ये ‘एलएसपीसीआय -एनएनके’ ही आज्ञा द्यावी. प्रत्येक चिपखाली ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ अशी ओळ हवी. नेटवर्क, साटा किंवा ग्राफिक्सच्या नोंदीखाली ती नसेल तर ती चिप अनाथ आहे. फ्रीबीएसडीत ‘पीसीआयकॉन्फ -एलव्ही’ दिल्यावर ज्या ओळी ‘नन’ या शब्दाने सुरू होतात ती ड्रायव्हर न मिळालेली उपकरणे होत, आणि ओपनबीएसडीच्या डीमेसेजमध्ये (कर्नलचे संदेश दाखवणाऱ्या आज्ञेच्या उत्तरात) अशांच्या पुढे ‘नॉट कॉन्फिगर्ड’ लिहिलेले असते. या ओळी दिसल्या म्हणून लगेच घाबरू नये, कारण आपल्याला न लागणारी एखादी नियंत्रण चिप त्यात बहुधा असतेच.

यानंतर मेमरी तपासणारा मेमटेस्ट८६+ रात्रभर चालवावा. सहाव्या आवृत्तीपासून तो यूईएफआयवरही चालतो. मग आयपर्फ३ ने दोन्ही दिशांना काही तास नेटवर्क राबवून ‘इथटूल -एस’ (यातील शेवटचा ‘एस’ही मोठ्या लिपीतला) मधील त्रुटींचे आकडे वाढतात का ते पाहावे. भाराइतकीच निष्क्रियतेची चाचणी महत्त्वाची आहे: बे ट्रेलच्या उदाहरणात दिसले तसे काही दोष यंत्र रिकामे असतानाच प्रकट होतात, म्हणून ते एक-दोन दिवस नुसते चालू ठेवून नंतर कर्नलच्या नोंदी वाचाव्यात.

पंखाविरहित यंत्राची उष्णता मोजताना खोलीचे तापमान लिहून ठेवावे. स्ट्रेस-एनजी ने सर्व गाभ्यांना तासभर राबवल्यावर खोली २८ अंश आणि प्रोसेसर ७२ अंश असेल, तर फरक ४४ अंशांचा झाला. तेच यंत्र मे महिन्यात चंद्रपूर किंवा अकोल्यात ४५ अंशांच्या खोलीत ठेवले तर प्रोसेसर ८९ अंशांच्या आसपास जाईल. एन१०० ची मर्यादा १०५ अंश असल्याने प्रोसेसर टिकेल, पण शेजारची एनव्हीएमई डिस्क त्या पेटीत सुखाने राहणार नाही. अशा वेळी बायोसमधील दीर्घकालीन वीजमर्यादा खाली आणावी. पंखा असलेल्या बोर्डवर सेन्सर्स ही आज्ञा काहीच दाखवत नसेल, तर नियंत्रण चिप नुवोटॉनची असल्यास एनसीटी६७७५ आणि आयटीईची असल्यास आयटी८७ हा ड्रायव्हर लावून पाहावा. आयटीईच्या नव्या चिपांपैकी अनेकींना मूळ कर्नलमध्ये आधार नाही. तेथे पंख्याचा वेग बायोसवरच सोडून द्यावा लागतो.

पायरी १० : नोंद आणि पुढची अद्ययावतीकरणे

सर्व काही चालत असताना ‘एलएसपीसीआय -एनएनके’ आणि डीमेसेज यांचे संपूर्ण उत्तर, बायोसची आवृत्ती, मायक्रोकोडचा क्रमांक आणि रिकाम्या अवस्थेतील वॉट एका फाइलीत जतन करावेत, आणि ती फाइल त्या यंत्राबाहेर ठेवावी. एचडब्ल्यू-प्रोब हे साधन हीच माहिती वर उल्लेखिलेल्या संकेतस्थळांवर पाठवते. ओपनबीएसडीचे विकासकही वापरकर्त्यांकडून डीमेसेज मागवतात. मराठी वापरकर्त्यांनी आपल्याकडे मिळणाऱ्या बोर्डांच्या अशा नोंदी पाठवल्या, तर येथील बाजारात नेमक्या कोणत्या आवृत्तीचे बोर्ड येतात हे पुढच्या खरेदीदाराला कळेल.

कर्नलची मोठी आवृत्ती बदलताना जुना कर्नल बूट यादीत राहू द्यावा. नव्या कर्नलवर पहिल्यांदा सुरू केल्यावर तीच आज्ञा पुन्हा देऊन जतन केलेल्या फाइलीशी ओळीगणिक ताडून पाहावी, आणि वॉटमीटरवरील आकडाही पुन्हा वाचावा. ड्रायव्हर तोच राहून वीज तीन-चार वॉटने वाढलेली दिसली, तर आधी पॉवरटॉपमधील पॅकेज अवस्थांकडे पाहावे.